एल्स्बर्ग खुलं आहे

लोवेल हावलाटच्या मागच्या ओसरीत भांडी रचून ठेवलेली होती. काचेची, पत्र्याची, झाकणाची, बिनझाकणाची. फेब्रुवारीत त्याची बायको मार्लिस वारली त्या आठवड्यात गावातल्या बायकांनी ती भरून आणून दिली होती. आमच्याकडे अशा भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर घरधनिणीचं नाव लिहायची रीत आहे, म्हणजे भांडं फिरून आपल्या घरी येतं. लोवेलने सगळ्यांचं अन्न खाल्लं आणि भांडी घासली. इतकी घासली की पट्ट्या निघून गेल्या. मग ती ओसरीत रचली आणि दार लावून घेतलं.

फेब्रुवारी गेला. मका पेरला गेला, वाढला, कापला गेला. भांडी तिथेच. त्यात माझ्या आईचं निळ्या कडांचं भांडंही होतं. आई त्याच्यावाचून चालवत होती, पण मागायला गेली नाही. कुणीच गेलं नाही.

लोवेल आयुष्यभर काउंटीचा ग्रेडर चालवायचा. खडीच्या रस्त्यांवर पावसाने आणि ट्रॅक्टरने पाडलेले चर मोठ्या पात्याने खरवडून रस्ता पुन्हा सपाट करायचा. एल्स्बर्गच्या चारी बाजूंचे रस्ते त्याच्या हाताखालून गेलेले. निवृत्त झाल्यावरही गाडी चालवताना त्याचं लक्ष समोर नसायचं, रस्त्याच्या उतारावर असायचं. मार्लिस शेजारी बसून म्हणायची, "बघ, बघ रस्ता. आणि धडक दे कुणाला तरी."

तिच्या बाजूची सीट अजून तिने ठेवली होती तशीच पुढे सरकवलेली होती.

त्याला काही झालंय असं वरून दिसत नव्हतं. दाढी केलेली असायची. शर्टाची बटणं लावलेली. पोस्टात कुणी विचारलं तर "बरा आहे" म्हणायचा, आणि ते खोटंही वाटायचं नाही. एकदा आई त्याला म्हणाली, "लोवेल, जेवणात मीठ घालतोस ना रे?" तो म्हणाला, "घालत असेन." कब्रस्तानातल्या दगडावर मार्लिसच्या शेजारी त्याचंही नाव कोरून झालं होतं, जन्माच्या वर्षासकट. पुढची जागा मोकळी. रविवारी तो तिथे जाऊन उभा राहायचा आणि त्या मोकळ्या जागेकडे असं बघायचा, जसा कुणी बंद दुकानाच्या काचेतून आत बघतो. घ्यायचं काही नसतं.

त्या दोघांचा छंद सगळ्या गावाला माहीत होता. एके काळी आमच्याकडे गावोगावच्या बँका आपल्या नावाच्या नोटा काढायच्या. कायद्याने त्या देशभर चालायच्या, पण नोटेच्या मधोमध ठळक अक्षरात गावाचं नाव असायचं. कोरे ताव वॉशिंग्टनहून छापून यायचे. मग गावातला कॅशियर आणि बँकेचा अध्यक्ष त्यांच्यावर पेनाने सह्या करायचे आणि कात्रीने कापून एकेक नोट सुटी करायचे. आमच्या आजोबांच्या तरुणपणी हे सगळं थांबलं. बँका बुडाल्या, नोटा सरकारने परत गोळा करून नष्ट केल्या. काही थोड्या राहून गेल्या, कुणाच्या बायबलमध्ये, कुणाच्या भिंतीच्या फटीत. आता एल्स्बर्गमध्ये बँक नाही, शाळाही नाही. पोस्ट दुपारी बंद होतं. पण कुठेतरी एखाद्या जुन्या नोटेवर एल्स्बर्ग हे नाव अजून राष्ट्राध्यक्षाच्या चित्राशेजारी ऐटीत बसलेलं असतं.

लोवेलने गावाच्या सात-आठ नोटा मिळवल्या होत्या. पण त्याला आणि मार्लिसला हवी होती ती वेगळीच. मार्लिसची आजी, ऑगस्टा सुंडक्विस्ट, नवरा वारल्यावर काही वर्षं बँकेची कॅशियर होती. त्या काळात बाईची सही असलेली नोट म्हणजे लोकांना गंमत वाटायची. काही शेतकरी ती घ्यायलाच तयार नसत, असं घरात सांगत. ऑगस्टाने सही केलेली एक तरी नोट उरली असेल का, हे दोघांनी तीस वर्षं शोधलं. प्लास्टिकच्या कप्प्यांची एक जाड वही होती. तिच्या पहिल्या पानावरचा पहिला कप्पा त्यांनी रिकामा ठेवला होता. पाहुण्यांना वही दाखवताना मार्लिस त्या रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "ही आजी. बाहेर गेलीय, येईल."

नोव्हेंबरात काउंटीच्या जत्रेच्या मैदानावरल्या हॉलमध्ये नोटा जमवणाऱ्यांचा मेळा भरतो. टेबलं, दिवे, भिंगं, आणि दुपारी लिलाव. या लोकांचा एक नियम आहे. तो कुठे छापलेला नाही आणि मोडल्याचंही कुणाला आठवत नाही. प्रत्येकाचं एक गाव असतं. ज्याच्या गावची नोट लिलावात येते, त्याच्याशिवाय दुसरा कुणी तिच्यावर बोली लावत नाही. तो मान हलवून 'मला नको' असं सांगत नाही तोवर बाकीचे हात मांडीवर. तिथे माणसाला नाव विचारत नाहीत. "कुठलं गाव?" एवढंच विचारतात.

गेलन टिट्झचं गाव ऑर्टन, आमच्या शेजारचंच. तो आणि लोवेल दर वर्षी एकाच बाकावर बसायचे आणि दर वर्षी तेच बोलायचे.

"तुमच्या एल्स्बर्गच्या नोटा सापडणार कशा? तुमच्या लोकांनी त्या कुणाला दिल्याच नाहीत. कंजूष लेकाचे."

"आणि तुमच्या ऑर्टनच्या भरपूर सापडतात. कुणी ठेवूनच घेत नव्हतं."

"लोवेल, तू मेलास ना, की तुझं गाव मी घेणार. आत्ताच सांगून ठेवतो."

"घे. कर्जासकट घे."

या वर्षी गेलन हे वाक्य बोलला नाही. त्याने लोवेलला कॉफी आणून दिली आणि हातात लिलावाची यादी ठेवली. तिच्यावर एका ओळीखाली त्याने आधीच पेन्सिलने रेघ ओढली होती. फर्स्ट नॅशनल बँक ऑफ एल्स्बर्ग. सह्या: अध्यक्ष जे. पी. लिंड, कॅशियर ऑगस्टा सुंडक्विस्ट.

"वाचलंस?" गेलन म्हणाला.

"वाचलं."

"आली रे म्हातारी."

"हो," लोवेल म्हणाला. त्याने यादी घडी करून खिशात ठेवली.

हॉलभर बातमी पसरलेली होती. माणसं येता-जाता लोवेलच्या खांद्यावर हात ठेवून जात होती. कुणी मार्लिसचं नाव काढलं नाही. टेबलावर मांडलेली ती नोट जाऊन पाहा असं गेलनने दोनदा सांगितलं. लोवेल म्हणाला, "बघू नंतर."

लिलाव पुकारायला ड्युएन होता. एरवी तो गुरांचा बाजार पुकारतो आणि नोटाही त्याच सुरात पुकारतो, जणू प्रत्येकीला चार पाय आहेत. त्याने एल्स्बर्गची नोट वर उचलली तेव्हा मात्र त्याचा आवाज खाली आला.

"मंडळी, ही आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. बाईच्या सहीची. एल्स्बर्ग. सुरुवात कोण करतंय?"

आणि त्याने सरळ लोवेलकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मागच्या रांगेतला, ओमाहा शहराहून आलेला नोटांचा व्यापारीसुद्धा हात छातीवर बांधून बसला.

लोवेलचा उजवा हात गुडघ्यावर होता. त्याने हाताकडे पाहिलं. करंगळीवर जुना व्रण, नखात थोडी माती. हात उचलायचा असतो हे त्याला कळत होतं. पण तो हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाने तो चुकून त्याच्या गुडघ्यावर ठेवला असावा, तसा तो तिथे पडून होता.

"लोवेल," गेलन ओठ न हलवता म्हणाला. "हात."

ड्युएनने पुन्हा विचारलं. हीटरचा आवाज येत होता. मग त्याने तिसऱ्यांदा विचारलं, फार हळू, जसं झोपलेल्याला विचारतात.

"बोली नाही," ड्युएन म्हणाला. "नग बाजूला." आणि पुढची नोट उचलली. ती कुठल्या गावची होती ते नंतर कुणालाही आठवेना.

लोवेल उठला आणि कॉफीचा रिकामा कप घेऊन जेवणाच्या खिडकीकडे गेला. तिथे चर्चच्या बायका चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, वाढत होत्या, आमच्याकडच्या पद्धतीने बरोबर दालचिनीचा गोड रोल देऊन. माझी आई डाव घेऊन उभी होती. समोरच्या टेबलाशी जाड कोट घातलेली एक अनोळखी बाई बसली होती. तिची चिली निवत चालली होती आणि ती आईला सांगत होती, मोठ्याने, कारण तिला राग लपवायची सवय नव्हती.

"पहाटे उठून आले मी. एकटी, या वाऱ्यात. भाऊ वारला माझा. त्याच्या तोंडाने वाजवायच्या बाजाच्या डबीत ही नोट सापडली. आमच्या गावातल्या एकाने सांगितलं, आयडेला, ही नोट घेऊन जा, लोक तुटून पडतील. तुटून पडतील म्हणे! कुत्र्यानेसुद्धा विचारलं नाही. सगळे असे बसले होते, जसं मी कुणाची खरकटी ताटली वर करून दाखवतेय."

"तसं नसेल हो," आई म्हणाली. तिने लोवेलला येताना पाहिलं होतं. डाव तसाच धरून ती थांबली.

"मग कसं असेल? बाईची सही आहे म्हणून? मला वाटलं होतं एवढ्या पैशांत त्याच्या कबरीला दगड होईल. अजून अंत्यविधीवाल्यांची पत्र्याची पट्टी आहे त्याच्या डोक्याशी. माझ्याच गाढवपणाचं हसू येतंय."

ती हसत मात्र नव्हती.

लोवेल कप हातात घेऊन उभा होता. त्याने तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "ते माझ्यासाठी गप्प बसले होते."

आयडेलाबाईंनी मान वळवून त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आपण कोण?"

"मी एल्स्बर्गचा. माझं गाव असलं की इथे दुसरं कुणी बोलत नाही. रीत आहे."

"म्हणजे ही सगळी माणसं तुमच्या तोंडाकडे बघत होती?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मीही गप्प बसलो."

"का हो?"

लोवेलने विचार केला असावा. आई सांगते, त्याचा चेहरा अगदी सरळ होता, नुकत्याच खरवडलेल्या रस्त्यासारखा. "सांगता येत नाही," तो म्हणाला.

"वा!" आयडेलाबाई म्हणाल्या. "यांना सांगता येत नाही, आणि माझा भाऊ पत्र्याखाली. भारी लोक आहात हो तुम्ही. एकमेकांचा इतका मान ठेवता, की तिसऱ्याचा जीव जावा."

यावर आईला हसू आलं. तिने ते डावाआड लपवलं. लोवेलला हसू आलं नाही, पण त्याने मान हलवली. बरोबर आहे, अशी.

गेलन मागून येऊन पोचला होता. त्याने लोवेलला बाजूला घेतलं, म्हणजे चार पावलांवर, जिथून आईला सगळं ऐकू येत होतं.

"शेवटी राहिलेले नग पुन्हा पुकारतात. तेव्हा हात वर कर, झालं. मी वाटलं तर तुझा हात धरून वर करतो."

"मी एकट्यानेच बोली लावली तर बाईंना सुरुवातीचाच आकडा मिळेल."

"मग जास्त सांग. स्वतःच्याच बोलीवर बोली चढवत जा. वेडा म्हणतील, आधीच म्हणतात."

लोवेलने खिशातली यादी चाचपली.

"तीस वर्षं, लोवेल."

"ती घरी नेली," लोवेल म्हणाला, "की आधी स्वयंपाकघरात जाऊन दाखवावी लागते."

गेलनने लोवेलच्या दंडावर हात ठेवला आणि दोघे आपल्या बाकाकडे परतले.

शेवटच्या फेरीत ड्युएनने एल्स्बर्गची नोट पुन्हा उचलली. आता तो लोवेलकडे बघत नव्हता, छताकडे बघत होता. आयडेलाबाई दारापाशी कोटाची बटणं लावत उभ्या होत्या, निघायच्या तयारीत.

लोवेल उभा राहिला. त्याला उभं राहिलेलं पाहून हॉल हलका झाला. कुणीतरी सुस्कारा टाकला, कुणी टाळी वाजवायला हात पुढे आणले.

"एल्स्बर्ग खुलं आहे," लोवेल म्हणाला.

ते लगेच कुणाला कळलं नाही. गाव खुलं करतात ते माणूस म्हातारा होऊन छंद सोडतो तेव्हा. किंवा त्याची विधवा फोन करून कळवते. जिवंत माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहून असं म्हणत नाही.

"या नोटेपुरतं?" ड्युएनने विचारलं.

"खुलं आहे," लोवेल पुन्हा म्हणाला आणि खाली बसला.

मग ओमाहाच्या व्यापाऱ्याने हात वर केला. त्याच्यामागे लिंकन शहराच्या एका बाईने. आकडा वर चढू लागला आणि ड्युएनला आपला गुरांचा सूर सापडला. आयडेलाबाईंनी कोटाचं बटण लावता लावता सोडलं. एक आकडा असा आला की लिंकनची बाई थांबली. व्यापारी एकटा उरला आणि समाधानाने मागे टेकला. तेवढ्यात लोवेलच्या शेजारी काहीतरी हललं. गेलनचा हात वर होता. चेहरा तांबडा, नजर समोर.

"तुला परवडणार नाही," लोवेल हळूच म्हणाला.

"गप्प बस. मी सांगून ठेवलं होतं की नाही तुझं गाव घेणार म्हणून?"

"मेल्यावर, म्हणाला होतास."

"मग तू एवढ्यात जगतोयस तरी का?" गेलन म्हणाला आणि हात आणखी वर केला.

व्यापाऱ्याने एकदा गेलनकडे पाहिलं, एकदा लोवेलकडे. त्याला दर पुढे नेता आला असता. त्याने नेला नाही. नोट ऑर्टनला गेली.

बाहेर वारा आडवा वाहत होता आणि मैदानावर मक्याची सुकी पानं पळत होती. आई मोठं पातेलं गाडीत चढवत होती. शेजारच्या गाडीपाशी आयडेलाबाई किल्ली शोधत होत्या. लोवेल त्यांना पोचवायला आला होता. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"काय भांडले हो!" बाई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात ऊब होती. "गुरासारखे भांडले. दगड होईल, वर चित्रसुद्धा होईल. बाजाचं चित्र कोरून घेईन म्हणते." मग किल्ली सापडल्यावर, "ती सहीवाली बाई कोण होती पण? तुम्हाला माहीत आहे का काही?"

"ऑगस्टा," लोवेल म्हणाला. "बँक आणि घर एकाच इमारतीत होतं. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सह्या करायची, पाव फुगत ठेवलेला असायचा तेव्हा. शिवणाच्या कात्रीने ताव कापायची. म्हणून त्या नोटेची कड सरळ नाही. तुम्ही पाहिलं असेल, खालच्या बाजूला लाटेसारखी आहे."

"मला वाटलं ती उंदराने कुरतडलीय."

"नाही. ती शेवटच्या तावापर्यंत कंटाळून जायची."

फेब्रुवारीपासून त्याला सलग एवढं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. आईने पातेलं तसंच हातात धरून ठेवलं.

"तुम्हाला हे इतकं कसं ठाऊक?"

"माझ्या बायकोची आजी."

"अगंबाई!" आयडेलाबाईंनी किल्ली खाली केली. "आणि तुम्ही ती जाऊ दिली? घरी बायको काय म्हणेल आता?"

वारा मध्येच पडला, किंवा आईला तसं वाटलं.

"बायको गेली," लोवेल म्हणाला. "फेब्रुवारीत."

इतके दिवस हे वाक्य बाकी सगळ्यांनी म्हटलं होतं. पाद्र्याने, डॉक्टरांनी, वर्तमानपत्राने, आम्ही. त्याला ते कधी म्हणावंच लागलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीतच होतं. म्हणून झाल्यावर तो जरा उभा राहिला, पुढे काय होतंय याची वाट बघत. काही झालं नाही. एक पान येऊन त्याच्या बुटाला चिकटलं.

आयडेलाबाईंनी 'वाईट झालं' असं काही म्हटलं नाही. त्या गाडीत बसल्या आणि काच खाली केली. "नाव काय तिचं?"

"मार्लिस."

"बरं," बाई म्हणाल्या. "मार्लिस." आणि त्यांनी गाडी सुरू केली.

पुढच्या शनिवारी दुपारी आमची बेल वाजली. आईने दार उघडलं. लोवेल टोपी काखेत धरून उभा होता आणि त्याच्या हातात एक पिवळं भांडं होतं, झाकणासकट.

"तुझं भांडं," तो म्हणाला. "धुतलंय."

ते पाद्रीणबाईंचं होतं. गावातल्या प्रत्येक जेवणाला ते पिवळं भांडं येतं. ते कुणाचं हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

"पट्ट्या निघून गेल्या माझ्याकडून," लोवेल म्हणाला. "अंदाजाने वाटत चाललोय. तुझंच ना?"

"आमचंच," आई म्हणाली आणि भांडं घेतलं. "आत ये. कॉफी आहे."

"नको. बरीच राहिलीत अजून."

त्याच्या गाडीत शेजारच्या सीटवर भांड्यांची चळत होती. चळत मावावी म्हणून त्याने सीट मागे सरकवली होती.

त्या वर्षी सणाला साऱ्या एल्स्बर्गमध्ये दुसऱ्याच्याच भांड्यात जेवण शिजलं आणि कुणी अवाक्षर काढलं नाही. आमचं निळ्या कडांचं भांडं ऑर्टनला गेलनच्या बायकोकडे गेलं. लोवेल ते द्यायला दारात उभा होता तेव्हा गेलन आतून आला.

"बघतोस का?" त्याने विचारलं. "नोट टेबलावरच आहे."

"आज नको," लोवेल म्हणाला.

"बरं," गेलन म्हणाला. "कुठे जात नाही ती."